आमच्या सभागृहातील सावित्रीबाईंचे चित्र

वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी मी चार शब्द लिहावेत, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा विषय कोणता, असे मी त्यांना विचारले. त्या हसून म्हणाल्या, “ज्या चित्राविरुद्ध तुम्ही हात वर केलात त्याच चित्रावर लिहा.” शिक्षा न्याय्य होती, म्हणून मी ती पत्करली. लिहायचे म्हणून वाचले, वाचले म्हणून विचार केला, आणि विचार केल्यावर माझे मत बदलले. ते कसे बदलले, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम ज्या वाचकांनी ते चित्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी त्याचे वर्णन करते. दोन हात लांब, दोन हात रुंद असा एक जाड कागद. त्यावर चार सारख्या चौकटी, आणि चारही चौकटींत सावित्रीबाई फुले यांचा एकच चेहरा. पहिल्या चौकटीत चेहरा पिवळा आणि लुगडे जांभळे, दुसरीत चेहरा निळा आणि लुगडे नारिंगी, तिसरीत हिरवा व गुलाबी, चौथीत लाल व पांढरा. कपाळीचे कुंकू मात्र चारही ठिकाणी ठसठशीत आहे. आमच्याच एका सभासद भगिनीच्या लेकीने हे चित्र केले. ती पुण्याला चित्रकलेचे शिक्षण घेते. तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीदिवशी, ते सभागृहात लावावे अशी तिची इच्छा होती.

त्यावर सभेत जे झाले ते सर्वांना आठवतच असेल. एक म्हणाली, हे सिनेमाच्या जाहिरातीसारखे दिसते. दुसरी म्हणाली, एकाच बाईंचे चार चेहरे कशाला? तिसरीने विचारले, माणसाचा चेहरा कधी निळा असतो का? आणि मी, वयाचा मान राखून म्हणा किंवा वयाच्या हट्टाने म्हणा, उठून सांगितले की ज्या माउलीने शेणगोळे झेलून मुलींना शिकवले तिची अशी रंगपंचमी करणे मला पटत नाही. शांत मुद्रेचे, सोनेरी चौकटीतले नेहमीचे चित्र आणावे. हात वर झाले, आणि चित्र कपाटावर गेले.

ती मुलगी रागावली नाही, हे मला अधिक लागले. दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि म्हणाली, “काकू, हे कसे छापतात तेवढे तरी बघायला या.” नारायणगावला लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्या दुकानात तिने ते काम केले होते. मी गेले. आयुष्यभर घरच्या लग्नांच्या पत्रिका छापून आणल्या, पण त्या कशा छापतात ते पाहिले नव्हते.

ज्याला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात ते काम चाळणीसारखे आहे. लाकडी चौकटीवर अगदी बारीक जाळीचे कापड ताणून बसवतात. पूर्वी ते रेशमाचे असे, आता नायलॉनचे वा पॉलिएस्टरचे असते. त्यावर एक लेप देतात, जो उजेड लागला की घट्ट होतो. चित्राचा काळा भाग पारदर्शक कागदावर काढून तो जाळीवर ठेवायचा आणि वरून प्रखर दिवा लावायचा. जेथे उजेड पोचला तेथे लेप घट्ट होतो, जेथे चित्राची सावली पडली तेथे तो कच्चाच राहतो आणि पाण्याने धुतला की निघून जातो. मग जाळी कागदावर ठेवून, शाई ओतून, रबरी पट्टीने एका हाताने ओढायची. मोकळ्या भोकांतून शाई खाली उतरते, बुजलेल्या भोकांतून उतरत नाही. प्रत्येक रंगाला निराळी चौकट लागते, आणि प्रत्येक रंग वाळल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही. कागद केसभर सरकला तरी कुंकू कपाळ सोडून भुवईवर जाते. त्या मुलीने असे कितीतरी कागद वाया घालवले होते. ते तिने मला दाखवले, आणि “रंगपंचमी” हा माझा शब्द मला तेथेच टोचू लागला.

ही चित्रांची तऱ्हा परदेशातून आली. तिला पॉप आर्ट म्हणतात, म्हणजे बाजारातल्या, रोजच्या, सर्वांच्या ओळखीच्या चित्रांवरून केलेली कला. अमेरिकेत अँडी वॉरहॉल या चित्रकाराने १९६२ साली सूपच्या डब्यांची चित्रे मांडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेरिलिन मन्रो ही नटी वारली, तेव्हा तिच्या एका जुन्या सिनेमाच्या जाहिरातीतले छायाचित्र घेऊन त्याने तोच चेहरा जाळीतून पुन्हा पुन्हा भडक रंगांत छापला. पुढे १९६८ मध्ये आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिक याने चे गव्हेरा यांचे लाल-काळे चित्र केले. त्याला आधार १९६० साली क्यूबात आल्बेर्तो कोर्दा यांनी काढलेल्या एका छायाचित्राचा. ते चित्र साऱ्या जगातल्या भिंतींवर आणि तरुणांच्या अंगातल्या सदऱ्यांवर पोचले. म्हणजे ज्याला आपण भडकपणा म्हणतो त्यामागे एक साधा विचार आहे. चेहरा थोडक्या रेषांत आणि सपाट रंगांत बसवला की तो स्वस्तात छापता येतो, दुरून ओळखता येतो आणि गरिबाच्या भिंतीवरही लागतो.

हा विचार ऐकून मला प्रथम वाटले, हे सारे परक्यांचे. पण घरी येऊन देवघराकडे पाहिले आणि माझे मलाच हसू आले. आमच्या देवघरातील लक्ष्मी छापीलच आहे! भिंतीवर छापील चित्र लावणे हे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. देवादिकांची आणि नाना फडणविसांसारख्या ऐतिहासिक पुरुषांची रंगीत शिळाप्रेसची चित्रे तेथून घरोघर गेली. १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत निघाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तेथल्या लक्ष्मी-सरस्वतींनी तर हिंदुस्थानभर देवींना चेहरा दिला. त्या चित्रांतही एका रंगासाठी एक दगड लागत असे. लक्ष्मीचे लुगडे कोणत्या रंगाचे हे कोणी पाहिले होते? छापणाऱ्याने ठरवले, आणि आपण हात जोडले. पुढे बाबासाहेबांचे निळ्या कोटातले छापील चित्र वस्त्यावस्त्यांत पोचले, आणि त्या चित्राने अनेकांना ताठ उभे राहायला शिकवले. तेथेही कागदाची किंमत कोणी विचारली नाही.

आता या इतिहासातील एक गोष्ट मनाला लागते ती सांगते. चित्रशाळा निघाली ते साल १८७८. त्याच्या आदल्याच वर्षी सावित्रीबाई दुष्काळात आपल्या या ओतूर गावी राहून काम करीत होत्या. त्या वेळी पुण्यात छापण्याचे दगड होते, रंग होते, कारागीर होते. पण शाळामास्तरणीचा, तीही माळ्याची सून, तिचा चेहरा छापून भिंतीवर लावावा असे कोणाच्या मनातही येणे शक्य नव्हते. चित्रशाळेचे विष्णुशास्त्री तर निबंधमालेतून जोतीरावांवर कडक टीका करीत होते. परिणाम असा की ज्यांचे नाव आज विद्यापीठाला आहे, त्या सावित्रीबाई प्रत्यक्षात दिसत कशा होत्या हे सांगणारा पुरावा अगदी अल्प उरला आहे.

तो पुरावा म्हणजे एक जुने पुसट छायाचित्र. तेही एकटीचे नव्हे, घोळक्यातले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादिलेले “सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय” राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केले. त्यात माळी यांनी या छायाचित्राचा माग सांगितला आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात “मजूर” नावाच्या पत्रात ते छापले गेले, आणि तेथून हातोहाती पुढे आले. त्या पुसट चेहऱ्यावरून एका चित्रकाराने नाक रेखले, दुसऱ्याने डोळे मोठे केले, तिसऱ्याने कुंकू आडवे काढले, चौथ्याने लुगड्याला काठ दिला. १० मार्च १९९८ रोजी त्यांचे टपाल तिकीट निघाले, तेव्हा तो चेहरा बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या कागदावर आला. आता शाळेच्या भिंतीवर, वहीच्या पुठ्ठ्यावर, मिरवणुकीच्या फलकावर जो चेहरा दिसतो तो या साऱ्यांनी मिळून घडवलेला आहे. मी ज्याला “नेहमीचे शांत चित्र” म्हणत होते, तेही कोणाच्या तरी कल्पनेतलेच.

हे मी त्या मुलीला बोलून दाखवले. तिने दिलेले उत्तर मी विसरणार नाही. ती म्हणाली, “काकू, फोटो काळा-पांढरा. त्यांच्या लुगड्याचा रंग, अंगाचा वर्ण, कोणालाच ठाऊक नाही. मग एकच रंग देऊन हाच खरा असे मी कसे सांगू? म्हणून चार दिले. बघणाऱ्याला कळावे की रंग माझे आहेत, चेहरा त्यांचा आहे.”

या उत्तराने मी गप्प झाले, त्याला एक घरगुती कारण आहे. क्षमा असावी, पण ते सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. माझे माहेर आणे पठारावरचे. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. माझी आई इतर बायांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आम्ही खाल्ली. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशाखाली उतरत नसे, पण तिनेच आम्हाला जगवले. कामावर मुलांना सुकडी मिळे. आई आपल्या वाट्याचा घास राखून आमच्यासाठी पदरात बांधून आणी. आई गेली तेव्हा लक्षात आले की तिचा एकटीचा एकही फोटो नाही. एका लग्नातल्या घोळक्यात ती मागे उभी होती, डोक्यावर पदर, अर्धा चेहरा दुसरीच्या खांद्याआड. त्यावरून आम्ही मोठा फोटो करून घेतला. स्टुडिओवाल्याने खांदा पुरा केला आणि लुगडे हिरवे केले. फोटो घरी आला तेव्हा मोठ्या भावाने विचारले, “ते लुगडे हिरवे होते का गं?” आम्हा चार भावंडांत ते कोणालाच आठवेना. पण पदरात बांधून आणलेली सुकडी चौघांनाही आठवत होती.

सावित्रीबाईंचेही असेच आहे. त्यांच्या लुगड्याचा रंग कोणाला ठाऊक नाही. त्यांनी पदरात काय बांधून आणले, ते मात्र आपल्याला ठाऊक आहे. ते कागदावर आहे, आणि त्या कागदावर आपल्या गावाचे नाव आहे.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. पहिले १८५६ चे, दुसरे १८६८ चे, ही दोन्ही त्यांच्या माहेरून, नायगावहून लिहिलेली. तिसऱ्या पत्रावर ओतूर, जुन्नर असे ठिकाण आणि २० एप्रिल १८७७ ही तारीख आहे. भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणींना हे माहीत होते? मला, साठी उलटेपर्यंत, माहीत नव्हते. आपण नायगावची सहल काढली, पुण्याला भिडे वाडा पाहायला गेलो, आणि आपल्या पायाखालची जमीन तेवढी पाहायची राहिली.

त्या दुष्काळाची थोडी हकीकत सांगते. १८७६ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा हे जिल्हे होरपळले. शेतकरी आधीच सावकारी कर्जात बुडालेला होता. त्याच्या रागाचा भडका १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे उडाला होता, आणि कर्जखते जाळली गेली होती. सरकारने दुष्काळी कामे काढली. दौंड-मनमाड हा लोहमार्ग त्याच कामांतून उभा राहिला. पण १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरी इतकी खाली आणली की दिवसभर राबणाऱ्या माणसाला सुमारे पौंडभर धान्य आणि वर किरकोळ रोकड एवढेच पडे. पौंड म्हणजे आपला अर्धा किलोही नव्हे. हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे त्याविरुद्ध अर्जावर अर्ज केले.

अशा दिवसांत सत्यशोधक समाजाचे लोक गावोगाव मदत समित्या करून अन्न पुरवू लागले. समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची, म्हणजे तो उणापुरा साडेतीन वर्षांचा होता. सावित्रीबाई या कामासाठी आपल्या भागात आल्या. ओतुरात कोंडाज यांना त्या भाऊ मानीत, आणि ते व त्यांच्या पत्नी उमाबाई आपली नीट काळजी घेत आहेत असे त्यांनी जोतीरावांना कळवले आहे. पत्रात डुंबरे पाटलांचाही उल्लेख आहे. ती मंडळी जोतीरावांना भेटायला निघण्याच्या बेतात होती. जोतीराव तेव्हा साताऱ्याकडे होते. त्यांनी ओतूरला येऊन मग नगरकडे जावे असे सावित्रीबाईंनी सुचवले.

पत्रात त्यांनी जे पाहिले ते लिहिले आहे. साल संपले पण दुष्काळ संपला नाही. गुरे चाऱ्यावाचून पडत होती, नद्या-ओढे आटले होते, झाडे वाळली होती, माणसे गाव सोडून चालली होती. कोणी पोटची मुले, तरण्या मुली विकत होते. कोणी निवडुंगाची बोंडे खाऊन दिवस काढीत होते. याहूनही भीषण गोष्टी त्यात आहेत, त्या येथे लिहवत नाहीत. आज आपल्याकडे कांद्याच्या वखारी भरलेल्या असतात, पिंपळगाव जोग्याचे पाणी शिवारात खेळते, आणि श्रावणातल्या सोमवारी कपर्दिकेश्वराच्या देवळात तांदळाच्या पिंडी पाहायला मांडवी नदीकाठी गर्दी लोटते. त्याच काठच्या गावात बसून एका बाईने हे लिहिले.

पण हे पत्र रडगाणे नाही. त्यात एक प्रसंग आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. सावकारांच्या वागण्याने भागात दंगे उसळले. कलेक्टर गोरे पोलीस अधिकारी घेऊन आले आणि पन्नास सत्यशोधकांना धरले. कलेक्टरांनी सावित्रीबाईंना बोलावून घेतले. त्या गेल्या आणि, जी माणसे उपाशी लोकांना अन्न देत हिंडत आहेत त्यांच्यावरच खोटे आळ घेऊन त्यांना का धरले, असे त्यांनी समोरासमोर विचारले. कलेक्टरांना ते पटले. माणसे सुटली. एवढेच नव्हे तर कलेक्टरांनी ज्वारीच्या चार गाड्या पाठवल्या. चार बैलगाड्या ज्वारी! १८७७ साली, परक्या राज्यात, एका बाईने सरकारी अधिकाऱ्यासमोर नीट उभे राहून बोलल्यामुळे. आपल्यापैकी अनेकजणींना आजही तहसील कचेरीत एकटीने जायचे तर सोबत पुरुष माणूस लागतो, हे मी माझ्यासकट सांगते.

त्याच पत्रात रावबहादूर कृष्णाजीपंत आणि लक्ष्मणशास्त्री यांची आठवण आहे. ते त्यांच्याबरोबर दुष्काळी भागात हिंडले आणि त्यांनी पैशाची मदत केली. म्हणजे वाद विचारांचे होते. भुकेच्या वेळी जो हात पुढे आला तो त्यांनी घेतला, आणि नावानिशी नोंदवून ठेवला. पुढच्याच महिन्यात, मे १८७७ मध्ये, जोतीरावांनी दुष्काळातील मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रमाकरिता मदतीचे आवाहन केले. ओतुरात पेरलेलेही वाया गेले नाही. १८८४ च्या सुमारास येथे भटजींना न बोलावता सत्यशोधक पद्धतीने लग्ने लागली, आणि त्या दक्षिणेच्या हक्काचा कज्जा कोर्टात गाजला.

आता चित्राकडे परत येते. आपण भिंतीवर लावतो तो चेहरा तरुण असतो. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. चित्रकारांना ते वय आवडते. पण ओतूरला आलेल्या सावित्रीबाई सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. म्हणजे आपल्या मंडळातल्या बऱ्याच सभासद आज आहेत तेवढ्याच. उन्हाने रापलेल्या, गावोगाव हिंडून थकलेल्या, पायांना धूळ लागलेल्या. त्या वयाचे त्यांचे चित्र कोणी काढले नाही. पुढे वीस वर्षांनी, १८९७ च्या प्लेगात, मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळ आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात गेल्या. पोर वाचले. सावित्रीबाईंना रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्या वयाचेही चित्र नाही.

आणि आपल्या मंडळाला जवळची अशी आणखी एक गोष्ट. १८५२ साली सावित्रीबाईंनी पुण्यात महिला सेवा मंडळ काढले होते. त्या वर्षी संक्रांतीच्या तिळगुळाला सर्व जातींच्या बायकांना बोलावणे होते, आणि सर्वांनी एकाच जाजमावर बसायचे असा नियम होता. कलेक्टरांच्या पत्नी जोन्सबाई अध्यक्षस्थानी होत्या. आपले हळदीकुंकू त्या जाजमाच्या कितपत जवळ पोचले आहे, हा प्रश्न मी येथे नुसता विचारून ठेवते. उत्तर प्रत्येकीने आपापल्या मनाला द्यावे. गेल्या संक्रांतीला कोणाकोणाला बोलावणे गेले नाही, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

हे सारे मी पुढल्या सभेत सांगितले. चित्र कपाटावरून खाली काढले गेले. धूळ पुसली. निळ्या चेहऱ्यावर आक्षेप घेणाऱ्या अक्का बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, “निळा चेहरा मला अजूनही आवडत नाही. पण चौघींतली तीच माझ्याकडे बघते आहे.” अक्कांचे मत बदलले की नाही हे मी सांगू शकत नाही. माझे बदलले.

मी एकच दुरुस्ती सुचवली, आणि त्या मुलीने ती आनंदाने मानली. चित्राखाली नुसते नाव होते. नाव तर सर्वांना ठाऊक आहे. त्याऐवजी खाली एक ओळ छापावी, आपल्या गावाची आणि त्या तारखेची: ओतूर, २० एप्रिल १८७७. त्यासाठी आणखी एक जाळी करावी लागली, आणि सर्व कागद पुन्हा एकदा एकेक करून दाबावे लागले. या खेपेला आम्ही पाचसहाजणी मदतीला गेलो होतो. माझ्या हातून दोन कागद तिरके झाले. ते मी घरी ठेवून घेतले आहेत, एक आईच्या फोटोशेजारी लावला आहे.

चित्राच्या आणखी प्रती निघाल्या आहेत, आणि ज्या सभासदांना हव्या असतील त्यांना कागद-शाईच्या खर्चात मिळतील. एकदा केलेल्या जाळीतून पुन्हा पुन्हा छापता येते, हा या छपाईचा गुण आहे. सावित्रीबाईंच्या हयातीत त्यांचे एकही चित्र आपल्या गावच्या घरात लागले नसेल. आता ते शंभर घरांत लागू शकते. मात्र ते घेणाऱ्या भगिनींना माझी एक विनंती आहे. घरातल्या मुलीने जर विचारले की या बाईंचा खरा रंग कोणता, तर आपल्याला माहीत नाही असे तिला सरळ सांगावे. आणि मग त्या चार गाड्या ज्वारीची गोष्ट सांगावी. ती मात्र आपल्याला माहीत आहे.